अणुभट्टीचा आराखडा आणि जोखमीचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत २२ वर्षं मेंटेनन्स बघितलं. आता इंजिनिअरिंगच्या मुलांना विश्वसनीयता हा विषय शिकवतो. कुणी बोलावलं तर वाचनालयात, कॉलेजात, एकदा तर तालमीच्या गणपतीपुढंही अणुभट्टीच्या सुरक्षिततेवर बोललोय. बोलणं संपलं की प्रश्न येतात आणि ते फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. अणुऊर्जा हवी की नको हा वाद इथं घालणार नाही. तो रंकाळ्यावर भेळ खाताना घालू.

कोल्हापूरला याच्याशी काय घेणंदेणं?

जिल्ह्यात अणुभट्टी नाही. चालू असलेली, त्यातल्या त्यात जवळची म्हणजे कारवारकडची कैगा. तिथं २२० मेगावॉटच्या ४ भट्ट्या आहेत. आणि अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका, तिथं माडबनला जैतापूरचा प्रकल्प प्रस्तावित आहे. पण माझं कारण दुसरं आहे. ज्या गावानं दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितले आणि जिथं घरटी एक माणूस कुठल्या तरी भट्टीशी, बॉयलरशी नाहीतर पंपाशी झुंजत असतो, त्या गावाला हा विषय पटकन कळतो.

जोखीम मूल्यमापन म्हणजे नेमकं काय करतात?

तीन प्रश्न विचारतात. काय बिघडू शकतं? ते किती वेळा बिघडेल? आणि बिघडलंच तर पुढं काय होईल? कॅप्लन आणि गॅरिक या दोघांनी १९८१ मध्ये जोखमीची व्याख्याच या तीन प्रश्नांत बसवली आणि आजही तीच वापरात आहे.

कागदावर ते दोन प्रकारची झाडं काढून होतं. पहिलं घटनेचं झाड. सुरुवात एका बिघाडापासून, समजा बाहेरची वीज गेली. मग फांद्या: डिझेल सुरू झालं की नाही? पंप चालला की नाही? ऑपरेटरनं वेळेत झडप उघडली की नाही? प्रत्येक ठिकाणी हो आणि नाही अशा दोन वाटा. काही वाटा सुखरूप घरी पोचतात, काही गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, वितळण्यापर्यंत जातात. दुसरं बिघाडाचं झाड, म्हणजे फॉल्ट ट्री. ते उलटं वाचायचं. वर लिहायचं 'पंप चालला नाही' आणि खाली उतरत जायचं: मोटर जळाली, पॅनेलला सप्लाय नाही, व्हॉल्व्ह बंद राहिला, बेअरिंग बसलं. ही फॉल्ट ट्रीची रीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या कामासाठी निघाली, नंतर अणुभट्टीवाल्यांनी उचलली.

या सगळ्याला आपल्याकडं पीएसए (संभाव्यतेच्या हिशेबानं केलेलं सुरक्षेचं मूल्यमापन) म्हणतात, अमेरिकेत पीआरए. त्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, गाभ्याला इजा किती वेळा होईल. दुसरी, तसं झालं तर किरणोत्सारी पदार्थ बाहेर किती आणि कधी पडतील. तिसरी, आसपासच्या माणसांचं आणि जमिनीचं काय होईल. आराखडा करणाऱ्याचं बहुतेक काम पहिल्या दोन पायऱ्यांवर चालतं.

भट्टी बंद केली की विषय संपत नाही का?

इथंच सगळी गंमत आहे. ज्यानं इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेच्या कॉइलनं धातू वितळवणारी भट्टी, चालवलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. लाइट गेली तरी भट्टीत वितळलेला धातू गरमच असतो. कॉइलमधलं पाणी थांबलं तर कॉइल गेलं, आणि ते पाणी धातूत शिरलं तर माणसं गेली. म्हणून वर टाकी ठेवतात. लाइट नसली तरी पाणी उतारानं येतं.

अणुभट्टीत याहून अवघड दुखणं आहे. नियंत्रण दांडे खाली पडले, साखळी अभिक्रिया थांबली, तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्याबरोबर ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. ३००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. फर्नेसमधला धातू निवत तरी जातो, इथं आतून जाळ चालूच. त्यामुळं सुरक्षित आराखड्याचा बहुतेक हिशेब एकाच प्रश्नाभोवती फिरतो: सगळं बंद पडलं तर पाणी कुठून येणार?

आमच्या कंपनीत एफएमईए भरतो. तेच का हे?

चुलतभाऊ म्हणा. एफएमईए, म्हणजे बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम यांचा तक्ता. त्यात एकेका भागाचा बिघाड स्वतंत्र ओळीत लिहिता आणि तीन आकड्यांचा गुणाकार करता. (ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेले तक्ते मी पुष्कळ बघितलेत, स्वतःही भरलेत.) पीएसएमध्ये दोन, तीन, चार बिघाड एकाच वेळी आले तर काय, हे बघतात. मोठे अपघात नेहमी जोडीनं आलेल्या बिघाडांतून होतात.

ही पद्धत आली कुठून?

सुरुवातीला रीत अशी होती की इंजिनिअरांनी बसून 'सगळ्यात वाईट विश्वसनीय अपघात' ठरवायचा आणि भट्टी तो सोसेल अशी बांधायची. सगळ्यात जाड पाइप एकदम तुटला, हा तो अपघात. ब्रिटनच्या फार्मर यांनी १९६७ मध्ये विचारलं की विश्वसनीय आणि अविश्वसनीय अशी रेघ मारणारे आपण कोण? त्यांनी आलेख मांडला: परिणाम जितका मोठा, तितकी त्याची परवानगी असलेली वारंवारता कमी.

मग अमेरिकेत एमआयटीचे नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास झाला. १९७५ मध्ये तो वॉश-१४०० या क्रमांकानं प्रसिद्ध झाला. सरी आणि पीच बॉटम या दोन केंद्रांचा त्यात तपशिलात हिशेब होता. त्याच्या सारांशात अणुभट्टीची जोखीम उल्का पडण्याच्या जोखमीशेजारी ठेवली होती. लोक चिडले, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. या अभ्यासाची तपासणी करणाऱ्या लुईस समितीनं १९७८ मध्ये सांगितलं की पद्धत चांगली आहे, पण आकड्यांतली अनिश्चितता फार कमी दाखवली आहे. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानं त्या सारांशावरचा हात काढून घेतला.

आणि दोनच महिन्यांनी, २८ मार्च १९७९ ला, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. एक छोटी दाबमुक्तीची झडप उघडी अडकली आणि निम्म्याच्या आसपास गाभा वितळला. त्याच अहवालाच्या आतल्या पानांत लिहिलेलं होतं की मोठा पाइप तुटण्यापेक्षा छोटी गळती आणि माणसाची चूक यांचा वाटा जास्त आहे. ते कुणी नीट वाचलं नव्हतं. सगळे उल्केवर भांडत बसले.

या हिशेबानं आराखड्यात खरोखर काही बदलतं का, की नुसते कागद?

माझं मत विचाराल तर शेवटी येणारा आकडा हा या कामातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. उपयोगाची असते ती त्याच्यामागची यादी. कुठली वाट धोक्यात किती भर घालते, याची उतरत्या क्रमानं लावलेली यादी. ती हातात आली की ड्रॉइंगवर पेन्सिल कुठं टेकवायची ते कळतं.

वॉश-१४०० मधलंच एक उदाहरण सांगतो, कारण ते शेतीपंपवाल्यांनाही कळेल. सरीसारख्या भट्टीत मुख्य पाण्याचा दाब सुमारे १५० बार असतो. त्याला आणीबाणीच्या पाण्याची कमी दाबाची लाइन जोडलेली असते आणि ती बाहेर, भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या कवचाच्या भिंतीपलीकडं जाते. मध्ये काय, तर एकापाठोपाठ दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही), म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपा. ड्रॉइंग बघणारा म्हणेल, दोन आहेत, पुष्कळ झाले. हिशेब करणाऱ्यानं विचारलं: पहिला एनआरव्ही आधीच गळत असेल तर कळणार कसं? कळणारच नाही, दुसरा दाब धरून बसलेला असतो. मग एक दिवस दुसराही गेला की १५० बारचं पाणी कमी दाबाच्या पाइपात शिरतं, पाइप कवचाच्या बाहेर फुटतो, गाभ्याचं पाणी तिकडं वाहून जातं आणि किरणोत्साराला थेट बाहेरची वाट मिळते. एवढं मोठं काँक्रीटचं कवच बांधलं आणि त्याला वळसा घालून जाणारी वाट आपणच ठेवली!

उपाय किती स्वस्त बघा. दोन्ही व्हॉल्व्ह वेगवेगळे तपासता येतील अशी सोय करायची आणि ठरावीक काळानं तपासायचे. एवढ्यानं त्या वाटेचा धोका पुष्कळ खाली येतो.

दोन डिझेल जनरेटर आहेत. तिसरा लावला की झालं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. चला, हिशेबच करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या केंद्राचे नाहीत.

एक डिझेल १०० वेळा हाक मारल्यावर एकदा सुरू होत नाही असं धरू. दोन्ही एकाच वेळी न सुरू होण्याची शक्यता १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० त १. छान वाटतं. पण दोन्ही मशिन एकाच कंपनीची, एकाच खोलीत, एकाच टाकीतलं डिझेल पिणारी, आणि एकाच मिस्त्रीनं एकाच दिवशी सर्व्हिसिंग केलेली. डिझेलमध्ये पाणी असेल तर दोन्ही बसणार. अशा सामाईक कारणाचा वाटा बिघाडांत ५ टक्के धरला तर १०० त १ चे ५ टक्के, म्हणजे १०,००० त ५. मूळच्या १ मध्ये हे मिळवा, १०,००० त ६ झाले. बघा, दोन वेगवेगळे बिघाड जुळून येण्यापेक्षा सामाईक कारण पाचपट जड निघालं.

आता तिसरं तसलंच मशिन लावा. वेगवेगळ्या बिघाडांचा भाग १० लाखांत १ वर गेला, पण सामाईक कारण तिसऱ्यालाही सोडत नाही. उत्तर १०,००० त ५ च्या आसपासच अडकलं. मशिनचे पैसे गेले, सहाचे पाच झाले.

त्याऐवजी तिसरं मशिन वेगळं घ्या. हवेनं थंड होणारं, दुसऱ्या इमारतीत, उंचावर, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र पॅनेल असलेलं. समजा ते जरा रद्दीच आहे, ५० त एकदा सुरू होत नाही. तरी १०,००० त ६ ला ५० नं भागा: साधारण १० लाखांत १२. चांगल्या तिसऱ्या भावापेक्षा रद्दी परका माणूस ४० पट उपयोगी पडला. बाहेरची वीज १० वर्षांत एकदा पूर्ण जाते असं धरलं तर तीन सारख्या मशिनांच्या मांडणीत पूर्ण अंधार २०,००० वर्षांत एकदा, तिसरं वेगळं असलेल्या मांडणीत ८ लाख वर्षांत एकदा.

जपानच्या फुकुशिमा केंद्रात सुनामी आली तेव्हा हे जसंच्या तसं दिसलं. पाण्यानं थंड होणारी डिझेलं तळघरात होती, ती बुडाली. २ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांना हवेनं थंड होणारी डिझेलंही होती, आणि ती मशिनं स्वतः बुडाली नाहीत. पण त्यांची पॅनेलं तळघरात होती! मशिन धडधाकट, वीज पोचवायला वाट नाही. ६ क्रमांकाचं हवेवरचं एक डिझेल पॅनेलसकट वाचलं आणि त्याच्या जिवावर ५ आणि ६ या दोन्ही भट्ट्या तगल्या.

पूर आणि भूकंप या हिशेबात कसे धरतात?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. २००५ चा पूर आला तेव्हा लोकांनी भिंतीवर खुणा केल्या. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतल्या एका मित्रानं मूर्ती ठेवायची फळी त्या खुणेच्या दोन फूट वर बांधली. शहाणपणाचंच वागला. २०१९ ला गणपती तोंडावर असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, फळीसकट मूर्ती विरघळल्या. २०२१ ला तर ५६ फूटही ओलांडले. याच पुरांत शहराला पाणी देणारे उपसा पंप बुडाले. चारी बाजूंना पाणी आणि नळ कोरडे, टँकरपुढं रांगा. हायवे शिरोलीजवळ बंद, म्हणजे बाहेरून मदत आणायची वाटही त्याच पाण्यात.

मित्राची फळी आणि फुकुशिमाची भिंत यांची चूक एकच. तिथं सुनामीची उंची ५.७ मीटर धरली होती. ११ मार्च २०११ ला आलेली लाट १४ ते १५ मीटरची होती. याउलट भूकंपाच्या केंद्राला त्याहून जवळ असलेलं ओनागावा केंद्र सुमारे १४ मीटर उंचीवर बांधलेलं होतं, ते वाचलं. आणि आधी इशारा मिळालाच नव्हता असंही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लाये केंद्रात वादळानं पाणी बांधावरून आत आलं होतं.

पीएसएमध्ये म्हणून 'आजवरची सर्वोच्च पातळी' एवढ्यावर थांबत नाहीत. एक वक्र काढतात: अमुक उंचीचं पाणी वर्षाला किती शक्यतेनं येईल, १०० वर्षांतलं, १००० वर्षांतलं, १०,००० वर्षांतलं. दुसरा वक्र यंत्रांचा: किती पाण्यात कुठलं पॅनेल बुडेल. दोन्ही एकमेकांवर ठेवले की दिसतं, कुठल्या फुटावर सगळं एकदम कोसळतं. त्या कड्याच्या अलीकडं किती जागा आहे, हे आराखडा करणाऱ्याला बघायचं असतं.

भूकंपाचंही तसंच, फक्त माहिती आणखी तोकडी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या आजोबांच्या पिढीनं अनुभवला. जलाशयामुळं भूकंप होऊ शकतो ही चर्चा जगभर गाजली ती त्यानंतर. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं, ते गाव तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. नकाशा म्हणजे त्या दिवशीपर्यंतचं आपलं ज्ञान. अनिश्चिततेचा पट्टा आकड्यासोबत लिहा, असा हट्ट तेवढ्यासाठीच धरतात.

'लाख वर्षांत एकदा' हे कुणी मोजलं? लाख वर्षं कोण जगलंय?

कुणीच नाही. ते मोजलेलं नसतं, एकेका भागाच्या अनुभवावरून रचलेलं असतं. पंप, झडपा, डिझेल यांचे बिघाड हजारोंनी नोंदलेले आहेत. त्यांची साखळी जोडून गाभ्यापर्यंतचा आकडा येतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा सल्लागार गटानं जुन्या भट्ट्यांसाठी गाभ्याच्या इजेचं लक्ष्य अणुभट्टीमागं वर्षाला १०,००० त १ पेक्षा कमी आणि नव्यांसाठी १ लाखात १ पेक्षा कमी असं सुचवलं. आता हा आकडा एका भट्टीचा आहे हे विसरू नका. जगात ४०० हून अधिक भट्ट्या चालू आहेत. प्रत्येकीचा १०,००० त १ धरला तर जगात कुठंतरी साधारण २५ वर्षांत एक, असा अर्थ निघतो.

प्रत्यक्षात काय झालं? आजवर जगाच्या पदरी २०,००० च्या आसपास अणुभट्टी-वर्षांचा अनुभव आहे. मोठ्या व्यापारी भट्ट्यांत गाभा गेला तो थ्री माइल आयलंडला १, चेर्नोबिलला १, फुकुशिमाला ३. पाच भागिले वीस हजार, म्हणजे ४००० त १. कागदापेक्षा वाईट. हे माझ्या व्याख्यानात मी लपवत नाही. त्यातली चेर्नोबिलची भट्टी वेगळ्याच घडणीची, फुकुशिमाच्या तीन एकाच लाटेनं गेल्या, हे खरं. पण एकच लाट तिघींना नेते हे आधी हिशेबात नीट नव्हतं, हेही तितकंच खरं.

नव्या भट्ट्यांत 'निष्क्रिय सुरक्षा' असते म्हणतात. म्हणजे भट्टी निष्क्रिय असते?

भट्टी चालूच असते. निष्क्रिय म्हणजे सुरक्षेचं काम वीज, मोटर आणि माणूस यांच्यावाचून होतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की सातातला एकेक दरवाजा पाण्याच्या जोरावर आपोआप उघडतो आणि आपल्या मोबाइलवर 'तीन नंबर उघडला' असा मेसेज येतो. बटण दाबायला कुणी नसतं, म्हणून बटण दाबायचं विसरण्याचा बिघाडच झाडावरून गळून पडतो.

आपल्या ७०० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत असंच केलंय. पहिली, गुजरातमधल्या काक्रापारची ३ क्रमांकाची, २२ जुलै २०२० ला क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया सुरू झाली. वीज पूर्ण गेली तर बाष्पजनित्रातली वाफ वरच्या टाकीत जाते, तिथल्या पाण्यात थंड होऊन पाणी होते आणि आपल्या वजनानं परत खाली येते. पंप नाही. अमेरिकी एपी-१००० या भट्टीत कवचाच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे आणि ७२ तास माणसानं काही केलं नाही तरी चालेल असा दावा आहे. तिच्या आराखड्याच्या काळात पीएसए पुन्हा पुन्हा चालवून बदल केले गेले. रचनाकारांच्या हिशेबानं तिचा आकडा २० लाख वर्षांत एक असा येतो. तो तसाच गिळू नका, वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

उतारानं वाहणाऱ्या पाण्याचा जोर कमी असतो. पाइपात हवेचा फुगा अडकला, एखादी झडप अर्धीच उघडली, तर पंप जसा ढकलून नेतो तसं गुरुत्व नेत नाही. निष्क्रिय यंत्रणेच्या बिघाडाचा हिशेब पंपाच्या हिशेबापेक्षा अवघड असतो.

माणसाच्या चुकीचा आकडा कसा काढणार?

अंदाजे, आणि हातचं राखून. काम किती किचकट, वेळ किती, समोरचा दिवा खरं सांगतो का, यावरून शक्यता धरतात. थ्री माइल आयलंडला झडप बंद झाल्याचा दिवा होता, पण तो झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेला एवढंच सांगत होता. झडप बंद झाली की नाही हे त्याला माहीतच नव्हतं. आणखी एक: आणीबाणीच्या पाण्याच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहून गेले होते. ते लक्षात यायला ८ मिनिटं गेली.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला, कारण आमच्याकडं हेच घडलं होतं. मे महिन्यातली संध्याकाळ, भट्टी भरलेली, लाइट गेली, पंपाचं डिझेल सुरू होईना. हरकत नाही, वर टाकी आहे. टाकीतून पाणी येईना. दोन दिवसांपूर्वी फिटरनं ग्लँड गळतोय म्हणून व्हॉल्व्ह बंद केला होता, ग्लँड बदलला आणि जेवायला गेला. एक पोरगा शिडीवरून माकडासारखा चढला म्हणून चार-पाच मिनिटांत पाणी आलं. कुणाला इजा नाही, पण कॉइलचे खालचे वेढे गेले आणि ११ दिवस भट्टी बंद. फिटरला ओरडलो. ओरडायला नको होतं. तो व्हॉल्व्ह बंद आहे हे खालून दिसायची काहीच सोय आम्ही ठेवली नव्हती.

भारतात असं काही घडलंय का?

उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र, ३१ मार्च १९९३. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली, कंपनानं सील गेले, हायड्रोजन पेटला, मग तेल पेटलं. आग केबलवरून धावली. वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबल एकाच भागातून नेलेल्या असल्यामुळं सगळेच पुरवठे गेले. १७ तास केंद्रात वीज नव्हती. धुरामुळं नियंत्रण कक्ष सोडावा लागला. कर्मचाऱ्यांनी अंधारात टॉर्च घेऊन वर चढून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं, भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून. आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी घातलं. किरणोत्सार बाहेर गेला नाही. पुढं केबल वेगवेगळ्या वाटांनी नेणं आणि आग अडवणारे अडसर घालणं सुरू झालं.

वाईट एवढंच वाटतं की असाच धडा १८ वर्षं आधी जगाला मिळाला होता. २२ मार्च १९७५, अमेरिकेतलं ब्राउन्स फेरी: हवा कुठून गळते ते बघायला केबलच्या भोकाशी मेणबत्ती धरली, फोम पेटला आणि केबल जळाल्या.

तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या केंद्रात २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत समुद्राचं पाणी पंपघरात शिरलं. चालू असलेली २ क्रमांकाची भट्टी सुरक्षित बंद केली गेली.

जैतापूरच्या भट्टीत काय वेगळं असेल?

प्रस्ताव १७३० मेगावॉटच्या ६ ईपीआर, म्हणजे फ्रेंच घडणीच्या, भट्ट्यांचा आहे. ईपीआरमध्ये सुरक्षेचे चार संच चार स्वतंत्र इमारतींत असतात, भट्टीच्या वेगवेगळ्या बाजूंना. दोन इमारतींवर विमान आदळलं तरी टिकेल असं कवच, उरलेल्या दोन लांब लांब, म्हणजे एकाच धडकेत दोन्ही जाणार नाहीत. खाली गाभा वितळलाच तर तो पसरून थंड करायची जागा. वरच्या डिझेलच्या हिशेबातलं 'परका माणूस' प्रकरण इथं काँक्रीटमध्ये उतरलेलं दिसेल. एकाच जागी सहा भट्ट्या म्हटल्यावर सहाही एकदम संकटात आल्या तर माणसं आणि पंप पुरतील का, हा प्रश्न मी तिथल्या सुनावणीत विचारला असता.

आकडा कंपनीच काढते. विश्वास कसा ठेवायचा?

नुसत्या आकड्यावर ठेवू नका. आपल्याकडं १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ हे मूल्यमापन तपासतं. तुम्हाला वाचायला मिळालं तर तीन गोष्टी शोधा: पूर, आग, भूकंप धरलेत की फक्त आतले बिघाड? भट्टी बंद असतानाची देखभाल धरलीय का? आणि यादीतल्या पहिल्या पाच वाटांवर काय केलं? हे नसेल तर दशांशचिन्हानंतर कितीही शून्यं असोत.

पीएसएचा आकडा चांगला आला तर जुने नियम, जाड भिंती सोडता येतात का?

नाही. एकामागं एक अडसर हवेतच, कारण झाडावर न काढलेली फांदी नेहमी उरते.

मुलाला यात जायचंय, काय शिकू दे?

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल किंवा भौतिकशास्त्र, काहीही चालेल. संख्याशास्त्र मात्र मनापासून. पुढं आयआयटी मुंबई आणि खरगपूरला विश्वसनीयतेचं शिक्षण आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय आहे. आणि सुट्टीत महिनाभर कुठल्याही फौंड्रीच्या मेंटेनन्सला पाठवा.

तुमच्या त्या टाकीच्या व्हॉल्व्हचं पुढं काय झालं?

पाटी लावली, 'बंद करू नये'. महिन्यात धुळीनं दिसेनाशी झाली. मग कुलूप लावलं, किल्ली शिफ्ट इनचार्जकडं. तो रजेवर गेला की किल्लीही गावाला. शेवटी कागदावर फॉल्ट ट्री काढलं आणि व्हॉल्व्हच काढून टाकला, सरळ पाइप. आता टाकी साफ करायची तर भट्टी पूर्ण रिकामी असल्याशिवाय करता येत नाही, आणि प्रॉडक्शनवाले अजून त्याबद्दल शिव्या देतात.